जखमेची वजावट

सजीवाचे मोल वयावरून ठरत असेल तेथे व्यस्त त्रैराशिक योजावे, असा नियम सांगून भास्कराचार्यांनी ‘लीलावती’त दोन उदाहरणे घातली आहेत : सोळा वर्षांच्या दासीस 32 निष्क पडतात, तर वीस वर्षांच्या दासीस किती, आणि दोन वर्षे जू वाहिलेल्या बैलास 4 निष्क पडतात, तर सहा वर्षे वाहिलेल्यास किती. उत्तरे अनुक्रमे 25 पूर्णांक 3/5 आणि 1 पूर्णांक 1/3. गणित निर्दोष आहे. मन थबकते ते दासी आणि बैल एकाच रीतीने सुटतात म्हणून.

ती रीत अद्याप चालू आहे. अमेरिकेतील धंदेवाईक फुटबॉलमध्ये करारमुक्त झालेल्या खेळाडूच्या गुडघ्याखांद्यांचा पूर्वेतिहास संघाचे वैद्य तपासतात, आणि खेळाडूही आपल्या बाजूने हिशेब मांडतो की, कॅलिफोर्नियात प्राप्तीच्या वरच्या थरावर राज्याचा कर 13.3 टक्क्यांपर्यंत चढतो, टेक्ससात तसा करच नाही. आपल्याकडील प्रो कबड्डीत हा दुसरा हिशेब उद्भवत नाही. प्राप्तिकर केंद्राचा, आणि राज्याच्या व्यवसायकरास घटनेनेच वर्षाकाठी 2500 रुपयांची मर्यादा घातलेली. शिवाय लिलावात नाव पुकारले गेल्यावर पुणे की हैदराबाद हे ठरविणे खेळाडूच्या हाती उरतेच कुठे? पहिला हिशेब मात्र येथेही अटळ आहे. कोल्हापूर जिल्ह्यातील सिद्धार्थ देसाई या चढाईपटूवर 2019 साली तेलुगू टायटन्सने 1 कोटी 45 लाखांची बोली लावली. पुढे खांद्याच्या दुखापतीने त्याचा एक हंगाम जवळजवळ संपूर्ण बुडाला. अशा खांद्याकडे पाहताना पुढचा बोलीदार मनातल्या मनात किती वजा करतो, याची नोंद कोणत्याही दप्तरात होत नाही.

कर आणि जखम या दोन्ही वजावटीच; तथापि त्यांची जात निराळी. कर भूमीस चिकटलेला असतो. मुलूख बदलला की तो सुटतो, आणि न सुटला तरी शेजाऱ्यापाजाऱ्यांबरोबर भरावयाचा असल्याने त्यात अपमान नसतो. जखम देहाबरोबर गावोगाव हिंडते. यावर कोणी म्हणेल, हे ज्याचे त्याचे प्रारब्ध. प्रारब्धाचा सिद्धांत मला मान्य आहे. परंतु तो भोगणाऱ्याने स्वतःविषयी उच्चारावयाचा असतो. बोलीदाराने तो दुसऱ्याच्या खांद्याविषयी उच्चारला की ते तत्त्वज्ञान राहत नाही, भाव पाडण्याची युक्ती होते. शिवाय ही दुखापत पूर्वजन्मीची नव्हे. ती प्रेक्षकांच्या टाळ्यांत, मालकाच्या लाभासाठी, सर्वांच्या डोळ्यांदेखत झालेली. तिचे फळ अनेकांनी चाखले आणि तिची तूट तेवढी एकाच्या नावे मांडली गेली. बोलीदाराने डोळे झाकून पूर्ण दाम मोजावा, असे मी म्हणणार नाही. उद्या तो खांदा पुन्हा निखळला तर संघाचे हसे होईल, हेही खरेच.

येथे चाळीसगावकरास एक जुना दस्तऐवज आठवावा. गावापासून सुमारे 18 किलोमीटरांवरील पाटण येथे भास्कराचार्यांचा नातू चांगदेव याने आजोबांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी मठ स्थापिला. निकुंभ घराण्याने त्यास दिलेल्या दानाचा तेराव्या शतकाच्या आरंभीचा शिलालेख डॉ. भाऊ दाजी लाड यांनी उजेडात आणला. त्याच्या मराठी भागात असे नमूद आहे की, पाटणच्या बाजारात विकावयास येणाऱ्या मालावर ग्राहकाकडून राजास जो कर मिळे, तो मठास दिला. तेलाच्या घाण्यांनीही पळीपळी तेल द्यावयाचे ठरले. जकात होती ती घेणाऱ्यावर. दासी-बैलांच्या मोलाचे गणित मांडणाऱ्या आचार्यांचे ग्रंथ ग्राहकांच्या पैशावर शिकविले जावेत, हा योग मला मोठा अर्थपूर्ण वाटतो. लिलावातील प्रत्येक बोलीवर तसाच एक अंश घेणाऱ्याकडून वसूल करून जायबंदी खेळाडूंच्या नावे ठेवावयास काय हरकत आहे? बोली कमी लागली तर लागो; निदान ती तूट सर्व ग्राहकांत वाटली जाईल. संघमालक प्रथम कुरकुरतील आणि मग तो अंश मूळ बोलीतूनच कापून घेतील, ही शंका रास्त आहे. म्हणून तो कोणाच्या पदरातून निघाला, हे तपासण्याचा अधिकार खेळाडूंच्या प्रतिनिधींकडे असावा लागेल.