सुट्टीत कुणाच्या हाती कुठलं पुस्तक

निफाड तालुक्यात दिवाळीची सुट्टी आणि द्राक्षबागांची गोडी छाटणी साधारण एकाच सुमारास येतात. छाटणी झाली की काडीच्या डोळ्यांना पेस्ट लावायची घाई. एकाचा बाप औषधाच्या दुकानातल्या उधारीचा हिशेब करत असतो, तर पेठ-सुरगाण्याकडून कामाला आलेली दुसऱ्याची आई हातमोजे चढवून ओळीमागून ओळ संपवत असते. या दोघांची पोरं शाळेत कधी एकाच बाकावर बसतात. त्या वर्गाला सुट्टीत वाचायला पुस्तकं निवडून देणाऱ्या शिक्षकाचं काम म्हणूनच फार जोखमीचं.

बहुतेक ठिकाणी ‘श्यामची आई’ दिली जाते. साने गुरुजींनी ती १९३३ साली नाशिकच्या तुरुंगातच लिहिली, त्यामुळे या मातीशी तिचं नातंही आहे. ती जरूर द्यावी. पण ती देताना आपण खरंच निवड करतो, की कुणी नाव ठेवणार नाही एवढंच पाहतो?

न्यायमूर्ती रानडे निफाडचे, जन्म १८४२चा. लोकहितवादींना सोबत घेऊन त्यांनी १८७८ साली पुण्यात मराठी ग्रंथकारांचा मेळा भरवला. पुढे १८८५च्या ग्रंथकार सभेचं निमंत्रण जोतीराव फुल्यांनी पत्र लिहून नाकारलं. कष्टकऱ्यांचं दुःख ज्यांच्या पुस्तकांत उमटत नाही, त्यांच्यात जाऊन मिसळायचं कशाला, असा त्या पत्राचा रोख होता. रानड्यांबद्दल मला मनापासून आदर आहे. तरीही वर्गाची यादी करायला बसावं, तेव्हा फुल्यांचं ते पत्र जवळ असावं.

मग शेतकऱ्याच्या मुलाला शेतकऱ्याचीच कादंबरी द्यावी का? सदानंद देशमुखांच्या ‘बारोमास’ला २००४चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. शेती बुडत चाललेलं विदर्भातलं घर आणि शिकूनही नोकरी नसलेला मुलगा, हे सगळं दहावीतल्या पोराला कळतं. अवकाळी पावसात बाग गेलेलं घर त्यानं पाहिलेलं असतं. पण त्याच वर्गात एखादं पोर असं असू शकतं, ज्याच्या घरी कर्जापायी माणूसच गेलं. त्याच्यासमोर अशी पानं मोठ्यानं वाचून घेणं निर्दयपणाचं. आणि सगळ्यांना दिलेलं पुस्तक त्याच्यापासून तेवढं लपवून ठेवणं, हाही अपमानच. माझ्या मते ते कपाटात सगळ्यांच्या हाताला लागेल असं असावं, सक्तीच्या यादीत नसावं. कुठलं पान कुणाला बोचेल हे शिक्षकाला आधी ठाऊक हवं, आणि ते पुस्तक स्वतः वाचल्याशिवाय कळत नाही. पुरस्काराचं नाव किंवा प्रकाशकाची सवलत बघून घेतलेल्या गठ्ठ्यातून तर मुळीच नाही. अर्धवट वाचून परत केलेल्या पुस्तकाबद्दल पोराला जाबही विचारू नये. वाचनाचा हक्क देताना पुस्तक मिटण्याचा हक्कही द्यावा लागतो.

मजुराच्या पोराचं घर मात्र ‘बारोमास’मध्येही सापडत नाही. त्याच्यासाठी वेगळं शोधावं लागतं. वाहरू सोनवणे यांच्या ‘गोधड’मधल्या कविता आहेत. भिल्ल घरातल्या माणसानं लिहिलेल्या त्या ओळी बागाईतदाराच्या पोरानंही वाचाव्यात. आपल्या बागेत कात्री चालवणाऱ्या माणसाला स्वतःचं म्हणणं आहे, हे त्याला दुसरीकडून क्वचितच कळेल.

पण मजुराच्या पोराला अनेकदा पुस्तक घरी न्यायलाच मिळत नाही. बागेतलं काम आटोपलं की कुटुंब गावी जाणार, पुस्तक परत कोण आणणार, ही धास्ती. शिक्षकांचीही अडचण खरी आहे, कारण हरवलेल्या पुस्तकाचा जाब त्यांनाच द्यावा लागतो. शाळा समितीनं ही जबाबदारी त्यांच्या डोक्यावरून काढून घ्यावी आणि वर्षाला पाच-दहा पुस्तकं जातील असं गृहीतच धरावं. गेली तर सुरगाण्याच्या एखाद्या पाड्यावर जातील, तिथंही वाचणारी पोरं आहेत.