अनुतापाची पारख कोणी करावी?

हिंसा हा सर्व दोषांत थोर दोष होय, याविषयी आपल्या पंथात दुमत नाही. परंतु ज्याच्या हातून हिंसा घडली त्या जीवाशी पुढे कसे वागावे, हा प्रश्न तितका सोपा नाही. त्याचा अनुताप खरा मानून त्यास मोकळे करावे, की पुन्हा हिंसा घडेल या भयाने त्यास कोंडून ठेवावे? प्रत्यक्ष घडलेल्या एका प्रकरणाच्या आधारे याचा विचार करू.

अमेरिकेतील कॅलिफोर्निया राज्यात २७ ऑगस्ट १९६४ रोजी एडमंड केम्पर नावाच्या पंधरा वर्षांच्या मुलाने आपल्या आजीला व आजोबांना गोळ्या घालून ठार केले. त्यास मनोरुग्ण गुन्हेगारांच्या ॲटास्कॅडेरो येथील सरकारी रुग्णालयात ठेवण्यात आले. तेथे त्याचे वर्तन इतके चांगले दिसले की, मानसिक चाचण्या घेण्याच्या कामी तो तज्ज्ञांना साहाय्य करू लागला. आणि कोणत्या प्रश्नास कोणते उत्तर शहाणपणाचे ठरते, हे त्यास अवगत झाले. डिसेंबर १९६९ मध्ये, वयाच्या एकविसाव्या वर्षी, त्यास पॅरोलवर सोडून आईच्या घरी पाठविले. मे १९७२ ते एप्रिल १९७३ या अवधीत त्याने सहा तरुणी, स्वतःची आई व आईची मैत्रीण अशा आठजणींचा वध केला. सप्टेंबर १९७२ मध्ये मनोविकारतज्ज्ञांनी त्यास तपासून त्याच्यापासून धोका नाही असा निर्वाळा दिला, त्याच्या काही दिवस आधीच त्याने पंधरा वर्षांच्या एका मुलीचा जीव घेतला होता.

आता विचार असा. त्या तज्ज्ञांना मूर्ख म्हणणे सोपे आहे, पण न्याय्य नाही. अंतःकरणातील अनुताप जाणणारा एक परमेश्वरच होय. श्रीचक्रधर स्वामींना आपण सर्वज्ञ म्हणतो, त्याचा अर्थच हा की इतर कोणी सर्वज्ञ नाही. शब्द शिकता येतात, मुद्रा शिकता येते, उत्तरेही पाठ करता येतात. अनुताप मात्र पाठ करता येत नाही, आणि मनुष्याला तो बाहेरून मोजताही येत नाही. म्हणून ज्यांच्या हाती सोडण्याचा अधिकार आहे, त्यांनी आपण असर्वज्ञ आहोत हे स्मरून निर्णय केला पाहिजे. त्यांची चूक अज्ञानात नव्हती. अज्ञानास ज्ञान मानण्यात होती.

दुसरी गोष्ट स्थानाची. आईपाशी त्यास पाठवू नये, असा रुग्णालयातील तज्ज्ञांचा सल्ला होता. तो मानला गेला नाही. स्वदेश, स्वग्राम आणि विशेषतः संबंधी यांचा संबंध त्यजावा, असे आचारप्रकरणी सर्वज्ञांचे निरूपण आहे. ते साधकासाठी आहे हे खरे. परंतु विकार जेथे रुजला तेथेच तो पुन्हा उसळतो, हे त्यामागील मर्म सर्वांस लागू पडते. ज्या नात्यात द्वेष साचला होता, त्याच नात्याच्या घरात त्या तरुणास नेऊन बसविले.

येथे शंका अशी की, मग तो जीव कायमचाच अपात्र समजावा काय? तर तसे नव्हे. जीव बद्धमुक्त आहे. बद्ध आहे, तसाच मुक्त होण्यास योग्यही आहे. त्यास राक्षस म्हणून हात झटकणे हे आपल्या तत्त्वज्ञानास सोडून होय. त्याचा देहान्त करावा, हेही अहिंसाधर्मीयास म्हणता येणार नाही.

पुन्हा शंका अशी की, त्यास कोंडून ठेवणे ही निर्दयता नव्हे काय? शिकाऱ्यांनी पाठलाग केलेला ससा स्वामींच्या मांडीखाली शिरला, ती लीळा आपण सर्व जाणतो. स्वामींनी शरण आलेल्या सशाचे रक्षण केले. त्यात सशावर दया झाली, हे उघड आहे. पण शिकाऱ्यांवरही झाली, कारण एका हिंसेचा दोष त्यांना लागला नाही. हाच न्याय येथे लावावा. त्या आठजणी तर गेल्याच. परंतु पॅरोलने त्या जीवाच्या पदरीही आठ हिंसांचे दुःखफळ बांधले. त्यास अडवून ठेवणे ही त्याच्यावरही दयाच ठरली असती. क्षमा करणाऱ्याने स्वतःचे द्यावे. दुसऱ्याच्या लेकीचे प्राण पणास लावून दिलेली मोकळीक ही क्षमा नव्हे.

१९७३ मध्ये त्यास जन्मठेप झाली. पुढे तुरुंगात त्याने अंधांसाठी अनेक पुस्तके वाचून ध्वनिमुद्रित केली, आणि पॅरोलच्या सुनावणीस उभे राहण्याचेही त्याने अनेकदा नाकारले. हा अनुताप आहे की नाही, हे सांगण्याचा आपला अधिकार नाही. इतके मात्र म्हणता येते की, ज्यास आपल्या दोषाचे खरे भय वाटते तो दार उघडा म्हणून आग्रह धरीत नाही. आपणही प्रायश्चित्त मागताना हे स्मरावे: दोष सांगितला की सुटलो असे ज्यास वाटते, त्याचा अनुताप अजून व्हावयाचा आहे.

दंडवत प्रणाम.