आधी नळी, मग जेसीबी

तो मोबाइल खिशात घाल. फोटो एकदा बघितला, पुरे झाला. दापोलीकडे दोन एकर वरकस डोंगरउतार घेतलास, ठीक. पण मे महिन्यात जेसीबी लावून माथ्यापासून पायथ्यापर्यंत सरळ रेघा ओढल्यास आणि त्या रेघांवर हापूसचे खड्डे काढलेस. का, तर रस्त्यावरून ओळी छान दिसतात! बाग कुणासाठी लावतोयस, एसटीतल्या प्रवाशांसाठी?

मृद्संधारणाच्या तासाला मागच्या बाकावर तुझं काय चालायचं ते मला चांगलं आठवतंय. म्हणून आता उभा राहून हिशोब कर. एक एकर म्हणजे चार हजार चौरस मीटरहून थोडं जास्त. त्यावर १०० मिलिमीटर पाऊस पडला तर पाणी किती? चार लाख लिटर. आपल्याकडे जुलैत एवढा पाऊस एका रात्रीत पडतो, आणि हंगामाचा आकडा ३,००० मिलिमीटरच्या पुढे जातो. तुझा उतार वीस टक्के, म्हणजे शंभर मीटर चाललं की वीस मीटर खाली. एवढ्या पाण्याला तू उभे चर खणून दिलेस! आंब्याचं झाड सोड, खड्ड्यात भरलेली मातीसुद्धा गणपतीपर्यंत टिकणार नाही.

वर गवत मुळासकट खरवडून काढलंस. 'तण होतं, सर.' अरे, जांभ्यावर वीतभर माती असते, ती त्या तणानंच धरली होती. कापायचं असतं गवत, उपटायचं नसतं. कापलेलं तिथंच अळ्यात आच्छादन म्हणून घालायचं. हे तुझ्या शेजारच्या आजीला विचारलं असतंस तरी तिनं सांगितलं असतं, पण तू विचारलंस मशिनवाल्याला. त्याला तासाचे पैसे मिळतात, तो नाही कशाला म्हणेल?

मी हे बोलल्यावर आता म्हणतोस, हिवरे बाजारसारखे सलग समपातळी चर काढतो. तिथं नगरच्या अवर्षणात थेंब न् थेंब जिरवायचा असतो, म्हणून चर अगदी समपातळीत ठेवतात. तुझ्या डोंगरात एवढं पाणी अडवून मुरवत बसलास तर चिंब झालेला उतारच खाली यायचा. जास्त पावसाच्या भागात चराला किंचित ढाळ देतात, शंभर मीटरला वीस ते चाळीस सेंटिमीटर. पाणी अडत नाही, पळतही नाही, सावकाश चालत बाजूच्या पऱ्यात जाऊन पडतं. परीक्षेत हा प्रश्न आला होता, तू सोडला होतास.

आणि तो पऱ्या! घर बांधायला जागा सपाट हवी म्हणून तो तू उकरलेल्या मातीनं बुजवलास. हे ऐकलं तेव्हा चहाचा कप खाली ठेवला मी. वाटलं, हा मुलगा एप्रिलमध्ये कोरडा पऱ्या बघून त्याला खड्डा समजला. उन्हात जमीन बघून नकाशा काढणारे सगळेच हे करतात, पण ते शेतकी शिकलेले नसतात.

तेव्हा उद्याच पऱ्या मोकळा करायचा, घराची आखणी तिथून हलवायची. उभे चर बुजवून दाबून घ्यायचे. गवंड्याकडची पाण्याची नळी आण, तिची दोन्ही टोकं धरून समपातळीच्या रेषा आख, मधे बांबूच्या खुंट्या ठोक. जागच्याच दगडांचे ताल रच, सुके. सिमेंट लावलंस तर मागचं पाणी निघणार कुठून? तालाच्या कडेनं गिरिपुष्पाच्या फांद्या आणि वाळा लाव. कलमं यंदा लावायची नाहीत. पैसे दिलेत, हे मला सांगू नकोस. रोपवाटिकेतून आणली असतील तर सावलीत ठेव, पाणी घाल.

आणि पहिला मोठा पाऊस आला की छत्री घेऊन डोंगरावर उभा राहा. पाणी कुठून येतं, कुठं वळतं, कुठं गढूळ होतं, ते वहीत काढ. वही घेऊन ये, मग दहा बाय दहा मीटरवरच्या हापूसबद्दल बोलू. तोवर तो जेसीबी परत पाठव. आत्ता, माझ्यासमोर फोन लाव.