सूर बदला, निष्कर्ष ठेवा

१९२२ साली बाबासाहेब आंबेडकरांनी लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्सला रुपयाच्या प्रश्नावरचा प्रबंध सादर केला. तो परीक्षकांना झोंबला. धनंजय कीर चरित्रात सांगतात त्याप्रमाणे सूचना आली ती अशी : निष्कर्ष राहू द्या, प्रबंध मात्र पुन्हा लिहा. ऑगस्ट १९२३ मध्ये नवा खर्डा गेला, नोव्हेंबरात मान्य झाला. त्याच वर्षी पुस्तक निघालं, आणि त्याला प्रस्तावना लिहिली प्रा. एडविन कॅनन यांनी. आंबेडकरांचे बहुतेक युक्तिवाद त्यांना मान्य नव्हते. तसं त्यांनी प्रस्तावनेतच लिहून टाकलं. विचारातला ताजेपणा मात्र त्यांना भावला होता.

ज्याला पटलेलं नाही त्याच्याकडून प्रस्तावना मिळणं, हे मी विद्यापीठीय गद्याचं खरं यश मानतो. तिथे वाचकाचं मन जिंकायचं नसतं. त्याला आपला मुद्दा टाळता येऊ नये, एवढंच साधायचं असतं. या पुस्तकात १८९३ साली टांकसाळी चांदीच्या खुल्या नाणेपाडणीला बंद झाल्या त्या निर्णयाचा आणि नंतरच्या चलनधोरणाचा पंचनामा आहे, आणि साक्षीदार बरेचसे सरकारचेच : समित्यांचे अहवाल, अधिकाऱ्यांच्या जबान्या, खात्याचे आकडे. केन्ससारख्या मातब्बर अर्थशास्त्रज्ञाने १९१३ साली ज्या सुवर्ण विनिमय पद्धतीची पाठराखण केली, तिच्यावरच हा हल्ला होता. अशा वेळी आवाज खाली ठेवणं हा शहाणपणाचा सौदा.

मात्र या सौद्याची किंमत सगळ्यांना सारखी पडत नाही. राज्यकर्त्यांच्या बाजूने लिहिणाऱ्याचा सूर आपोआप तटस्थ वाटतो. वसाहतीतून आलेल्या विद्यार्थ्याने विरुद्ध बाजूने तितक्याच ठामपणे लिहिलं, की ते प्रचारकी ठरतं.

आंबेडकरांना हा संयम काही लंडनने शिकवला नव्हता. मे १९१६ मध्ये कोलंबिया विद्यापीठात गोल्डनवायझर यांच्या चर्चासत्रात त्यांनी जातिसंस्थेवर निबंध वाचला. वय अवघं पंचवीस. सेनार्ट, नेसफिल्ड, रिस्ले आणि आपले ज्ञानकोशकार केतकर, अशा चौघांच्या व्याख्या ते तपासतात; केतकरांना दाद देतात आणि त्यांच्याही पुढे जातात. जातीतल्या जातीत लग्न हे जातीचं सार ठरवल्यावर सुरू होतं ते निव्वळ गणित. गटातल्या स्त्री-पुरुषांची संख्या जुळती राहिली नाही, तर नियम मोडणार. नवरा मेला की बायको शिल्लक उरते. या शिलकेची विल्हेवाट दोन प्रकारे लागते : सती, नाहीतर सक्तीचं वैधव्य. बायको मेली तर विधुराची सोय म्हणून बालवधू. सगळं हिशेबनिसाच्या आवाजात. हळहळायला लेखक थांबत नाही, म्हणूनच वाचणाऱ्याच्या अंगावर काटा येतो. ही भाषा आपल्याकडच्या किती समाजशास्त्रज्ञांना साधली असती?

पुढे १९३६ मध्ये लाहोरच्या जात-पात तोडक मंडळासाठी जातीवरच भाषण लिहिलं, तेव्हा मंडळाने मजकुरात बदल मागितले. आंबेडकरांनी साफ नकार दिला. भाषण झालंच नाही. त्यांनी ते स्वखर्चाने छापलं. लंडनसाठी प्रबंध पुन्हा लिहिणारा आणि लाहोरला नकार देणारा माणूस एकच. मला फरक दिसतो तो असा : लंडनने सूर मागितला होता, लाहोरने आशय.

आपल्या विद्यापीठांत आज या संयमाचा पोशाख तेवढा उरला आहे. ‘प्रस्तुत संशोधकास असे आढळून येते की’ म्हणून सुरुवात करायची आणि आढळलेलं मात्र काहीच नाही. असल्या वाक्यांखाली मार्गदर्शकाची लाल रेघ सहसा येत नाही. जड शब्दांनी वजन वाढतं, हा समजही पक्का. प्रिन्स्टनच्या डॅनियल ओपेनहायमर यांनी २००६ साली प्रयोगांतून उलटंच दाखवलं : गरज नसताना अवघड शब्द वापरले की वाचकाला लेखक कमी बुद्धीचा वाटतो.

जागतिक संशोधनात तर संयमच सुटत चालला आहे. ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये २०१५ साली आलेल्या एका पाहणीत वैद्यकीय शोधनिबंधांचे सारांश तपासले होते. ‘अभिनव’, ‘अभूतपूर्व’ असे गौरवशब्द असलेले सारांश चाळीस वर्षांत २ टक्क्यांवरून १७.५ टक्क्यांवर गेले. शोध त्या मानाने थोर होत गेले, असं मानायला मी तयार नाही. लांबली ती निधीसाठीची रांग. तेव्हा परीक्षक सूर उतरवायला सांगत. आता पैसे देणारे तो चढवायला लावतात.