वाचलेला वेळ कोणाचा?



१२ जानेवारी २०२४ रोजी खारकोपर-उरण रेल्वे आणि अटल सेतूचे उद्घाटन झाले. द्रोणागिरीहून कामावर जाणाऱ्यांचा वेळ वाचू लागला. पण वाचलेला वेळ घरापर्यंत पोहोचतो का?

तत्त्वज्ञ ॲरिस्टॉटलच्या मते माणूस श्रम करतो ते निवांतपणासाठी. आपण मात्र नाताळची सुट्टीही कामांनीच भरतो. प्रभू येशू सुमारे ३० वर्षे नाझरेथच्या घरी राहिला. ती वर्षे वाया गेली असे कोण म्हणेल?

बंदरातल्या पाळ्या नाताळातही थांबत नाहीत. सगळ्यांना एकदम सुट्टी मिळत नाही. म्हणून संकल्प लहानच करू या. पाळीवरून येणाऱ्यासाठी थांबू आणि मोबाइल बाजूला ठेवून रोज एकदा एकत्र जेवू. वेळ साठवून ठेवता येत नाही. तो कोणाला तरी द्यावाच लागतो.