उसने बळ

‘उसने अवसान’ हा शब्दप्रयोग आपण मराठीत कौतुकाने कधीच करीत नाही. ज्याच्या अंगी स्वतःचे काही नाही, तो बाहेरून काहीतरी आणून वेळ मारून नेतो, अशी त्यात हेटाळणी आहे. उज्जैनला मात्र दरवर्षी हजारो माणसे उघडपणे, देवापुढे नारळ ठेवून, बळ उसने घेतात आणि त्यात कुणालाही कमीपणा वाटत नाही.

ही तिथली पंचक्रोशी यात्रा. वैशाख कृष्ण दशमी ते अमावस्या हा तिचा काळ. आपल्या पंचांगाने तो चैत्र वद्य पक्ष, कारण तिकडे महिना पौर्णिमेला संपतो. पटनी बाजारातल्या नागचंद्रेश्वरापासून निघायचे (महाकालेश्वराच्या मंदिरावरचा, फक्त नागपंचमीला उघडणारा नागचंद्रेश्वर तो वेगळा), पिंगळेश्वर, कायावरोहणेश्वर, बिल्वकेश्वर आणि दुर्दरेश्वर या चार दिशांच्या द्वारपालांना भेटायचे आणि 118 किलोमीटर चालून परत त्याच दारी यायचे. माळव्यातले ते दिवस कडक उन्हाचे. म्हणून दुपार सावलीत काढायची आणि रात्रीचा गारवा धरून चालायचे. डोक्यावर गाठोडी घेतलेली खेड्यापाड्यांतली माणसे, त्यांत म्हाताऱ्या बायकाही, शहराच्या रस्त्यांवरून अंधारात निघतात. पुष्कळांना तर तिथीपर्यंत धीर धरवत नाही. ते आधीच वाट धरतात. निघताना नागचंद्रेश्वराकडून बळ मागून घ्यायचे आणि परतल्यावर मातीचे घोडे वाहून ते परत करायचे, असा हा व्यवहार.

आता शहरोशहरी रात्रीच्या धावण्याचे कार्यक्रम होऊ लागले आहेत. छातीवर क्रमांक, कडेला पाण्याचे टेबल, दुकानांची शटरे ओढलेली. चार मित्र मिळून नावे नोंदवतात. एरवी एकट्याने धावताना ज्याला तीन किलोमीटरांवर धाप लागते तो त्या रात्री दहा पुरे करतो. रात्री पुढचे अंतर दिसत नाही. ऐकू येतात ती फक्त शेजारची पावले. नॉर्मन ट्रिपलेट या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने 1898 साली सायकलस्वारांच्या वेळा तपासून दाखवले होते की सोबत कुणी असले की माणूस एकट्यापेक्षा वेगाने जातो. पंढरीच्या वाटेवर वेळापूरचा धावा ज्यांनी पाहिला आहे, त्यांना हे सांगायला मानसशास्त्रज्ञ लागत नाही.

प्रश्न असा की ते जादा बळ कोणाचे? 12 ऑक्टोबर 2019 रोजी व्हिएन्नात इलियुड किपचोगेने मॅरेथॉनचे अंतर 1 तास 59 मिनिटे 40 सेकंदांत कापले. त्याच्याभोवती आळीपाळीने धावून वारा अडवणारे आणि वेग राखणारे 41 साथीदार होते. ती वेळ अधिकृत विक्रम म्हणून नोंदली गेली नाही. नियम बरोबरच आहे. पण आपली सगळ्यांचीच धाव अशी कुणीतरी वारा अडवल्यामुळे झालेली असते, फक्त आपले साथीदार कुणी मोजत नाही.

आता त्या चौघांकडे वळू. शेवटच्या दोन किलोमीटरांत एकजण मागे पडतो. दुसऱ्याच्या अंगात अजून दम आहे. घड्याळ सांगते, जा. शर्यतीत प्रत्येकाची वेळ वेगळी लिहिली जाते, तेव्हा पुढे जाणे हा काही गुन्हा नव्हे. तरी पहिल्या आठ किलोमीटरांत ज्याच्या पावलांवर आपण पावले टाकली त्याला अंधारात सोडून जाताना काहीतरी बुडवल्यासारखे वाटते, आणि मला ते वाटणे खरे वाटते. घरात मराठी आणि बाजारात कानडी बोलणाऱ्या आपल्या मुलखात ‘हातउसने’ आणि ‘कैगड’ हे दोन्ही शब्द चालतात. दोन्हींत हात आहे. कागद नाही, व्याज नाही, साक्षीदार नाही. म्हणून ते बुडवणे सावकाराचे कर्ज बुडवण्यापेक्षा लाजिरवाणे.

पण परत करायचे म्हणजे काय करायचे? नेलेले बळ तर वाटेत खर्ची पडलेले असते. पंचक्रोशीच्या वाटकरूलाही हे ठाऊक आहे, म्हणूनच तो मातीचा घोडा आणतो, ज्याच्यावर बसून एक पाऊलही जाता येत नाही. देव तो घेतो. मित्राचे तसे नसते. त्याच्यासाठी थांबावे, तर आपल्यामुळे याची वेळ गेली हे ओझे त्याच्या दमलेल्या अंगावर आणखी चढते. काहींना असे थांबणे दयेसारखे बोचते. ‘तू हो पुढे,’ असे तो म्हणतो, तेव्हा ते कधी मनापासून असते, कधी नुसती भीड असते. चेहरा दिसत नाही; धापेतल्या त्या तीन शब्दांवरूनच ते ओळखावे लागते, आणि तेही पाय न थांबवता.