एक लिटर म्हणजे किती ग्रॅम?

घनता गुणिले आकारमान म्हणजे वस्तुमान. अकरावीच्या मुलांना हे गणित कधीच जड जात नाही, आणि माझी तक्रार नेमकी तीच आहे. दोन आकडे दिसले की गुणाकार उरकतो. उत्तराकडे पुन्हा कोणी ढुंकूनही बघत नाही.

98 टक्के सल्फ्युरिक आम्लाची घनता 1.84 ग्रॅम प्रति मिलिलिटर, म्हणजे अर्ध्या लिटरचे 920 ग्रॅम. वहीत हा आकडा मुकाट बसून राहतो. प्रयोगशाळेच्या कपाटातली बाटली पाण्याच्या अंदाजाने उचलायला गेलं की मनगट खाली ओढलं जातं. म्हणून नव्या माणसाला आधी सांगायचं: गळ्याला धरून उचलू नका, दुसरा हात तळाला लावा.

वर्गात मी गोडेतेलाची पिशवी नेतो. तिच्यावर 1 लिटर आणि 910 ग्रॅम असं दोन्ही छापलेलं असतं. ‘सर, 90 ग्रॅम कुठे गेले?’ हा प्रश्न ठरलेला. कुठेच नाही; तेल पाण्यापेक्षा हलकं, एवढंच. खरी गंमत तापमानाची आहे. तेल तापलं की फुगतं, घनता उतरते. सोयाबीन तेलाचं एक लिटर 21 अंश सेल्सिअसला 919 ग्रॅम भरतं, 60 अंशांना 892.6. काही उत्पादक आकारमानाशेजारी असं चढं तापमान छापायचे. लिटर खरा, पण ग्राहकाच्या पदरात तेल कमी! शेवटी 2022 मध्ये केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने त्यांना सांगितलं, की तापमान गाळा आणि आकारमानाबरोबर वस्तुमानही छापा.

बाजारात तापमान गाळायला लावलं ते ठीकच. वहीत मात्र ते हवंच. पाण्याची घनता 1 असते ती 4 अंशांना. 25 अंशांना ती 0.997 होते. मापन चंबूत (volumetric flask) 250 मिलिलिटर पाणी घेतलं तर पाऊण ग्रॅमचा फरक, आणि आमच्या साध्या डिजिटल काट्यावरही तो दिसतो. तरी गणितात नुसतं ‘घनता 1’ एवढंच दिलेलं असतं.

एका मुलीने विचारलं, ‘मग पेट्रोल पहाटे भरलं तर जास्त मिळेल?’ टाक्या जमिनीखाली असतात, तिथलं तापमान दिवसभरात फारसं हलत नाही, त्यामुळे हाती विशेष काही लागत नाही. पण पंपावर घनता लिहिलेली असते, ती 15 अंशांना आणून. शंका असेल तर हायड्रोमीटर आणि थर्मामीटर मागून घ्यावा. ग्राहकाला तो हक्क आहे.